कानातली ऐरण

पुनमचं कोपर हललं आणि गोरक्षनं बोट वर केलं.

चाकणच्या फोर्जिंग कंपनीत वर्षाची आरोग्य तपासणी चालू होती. हेडफोनमध्ये शिट्टी वाजली की बोट वर करायचं, एवढीच कानाची परीक्षा. गोरक्षला गेली काही वर्षं ती शिट्टी ऐकूच येत नव्हती. पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. बटण दाबताना तपासणाऱ्या बाईचं, म्हणजे पुनमचं, कोपर हलतं, हे त्यानं हेरून ठेवलं होतं. बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. कान गेल्याचं कळलं की लोखंड ठोकणाऱ्या हॅमर मशीनवरून काढून गेटवर बसवणार. उभी हयात हॅमरवर घालवलेल्या माणसाला हे कसं सोसावं? काही झालं तरी आज पास व्हायचंच!

तपासणी संपली. पुनमनं हेडफोन काढून घेतला, पण लिहिलं काहीच नाही. भिंतीवर कानाचं चित्र होतं. ते दाखवत, त्याच्याकडे तोंड करून ती म्हणाली, "काका, कानात तीन इवलीशी हाडं असतात. मॅलियस, इंकस, स्टेपीज. लॅटिन नावं आहेत. मॅलियस म्हणजे हातोडा, इंकस म्हणजे ऐरण, स्टेपीज म्हणजे घोडेस्वाराची रिकीब. आवाज आला की हातोडा ऐरणीला हलवतो, ऐरण रिकिबीला."

गोरक्षची छाती फुगली. "म्हंजे आमचं वर्कशॉप कानात बी हाय म्हना की!"

"तुमच्या ऐरणीपाशी कोण असतं?"

"माजा पोरगा, समर्थ. तापलेलं लोखंड सांडशीत धरतो. त्यानं मान हलवली की मी पायडल दाबतो."

"आणि त्याची मान खाली असताना, ओठ दिसत नसताना, तो 'थांबा' ओरडला तर?"

गोरक्षचं हसू मावळलं.

"काका, मघाशी मी मशीन चालूच केलं नव्हतं."

समर्थचे दोन्ही हात गोरक्षच्या डोळ्यांपुढे आले. रोज किती विश्वासानं तो ते हॅमरखाली घालायचा! गोरक्षला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यानं हेडफोन उचलून स्वतःच कानांवर चढवला. खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"आता जे निघंल ते लिव्ह, पोरी. हॅमर गेला तरी चालंल."

बोट तयार ठेवून तो बसून राहिला. बराच वेळ गेला.

"लाव की मशीन," तो म्हणाला.

मशीन केव्हाचंच चालू होतं.