कुंपणापलीकडचं रडणं

"हे मोठ्या बाईचं रडणं आहे," काचेपलीकडून दिग्दर्शक नुमाता म्हणाले. "आपण रडतोय हे त्या बाईला पक्कं माहीत आहे. चार वर्षांच्या पोराला ते माहीत नसतं."

चिगुसा माइकपासून मागे सरली. भिंतीलगतच्या बाकावर बाकीचे नट-नट्या बसले होते. कागदाचा आवाज होऊ नये म्हणून प्रत्येकाने संहितेची पानं अलगद धरली होती. कुणी वर पाहिलं नाही. समोरच्या पडद्यावर बंदरात आईपासून चुकलेला, कार्टूनपटातला चार वर्षांचा केंता तोंड उघडून तसाच थांबला होता. त्या तोंडात आवाज घालायचं काम चिगुसाचं होतं. मूल झाल्यानंतर एवढी मोठी भूमिका तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

नुमातांनी रडणं सोडून पुढे जायला सांगितलं. तेवढा तुकडा पुढच्या आठवड्यात तिला एकटीला बोलावून घेऊ, म्हणाले. तेव्हाही जमलं नाही तर भूमिका दुसऱ्या कुणाला जाणार, हे तिला कळत होतं.

बाहेर चहाच्या मशीनपाशी हात्सुएबाई भेटल्या. उभी हयात त्यांनी लहान मुलांचे आवाज काढण्यात घालवली होती. चिगुसाने खाली वाकून त्यांना विचारलं, मला एकदा शिकवाल का?

"घरात चार वर्षांचं पोर आहे आणि रडणं माझ्याकडे मागतेस होय गं?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे साधं मांजरसुद्धा नाही."

घरी आल्यावर शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती गाद्यांच्या कपाटात शिरून रडून बघायची. एकदा तिच्या मुलाने, कोहेईने, कपाटाचं दार सरकवलं आणि पोटात दुखतंय का म्हणून विचारलं. हे आईचं काम आहे, असं तिने सांगितलं. त्याने मान डोलावून दार पुन्हा लावून दिलं.

कोहेईचं पाळणाघर याच महिन्यात सुरू झालं होतं. रोज सकाळी फाटकाशी तो रडायचा आणि चिगुसा सायकलवर बसून, मागे वळून न बघता पळ काढायची. एका सकाळी मात्र ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. सायकल हातात धरून कुंपणाच्या झुडपांमागे उभी राहिली.

आत कोहेई रडत होता. धावत जाऊन त्याला उचलावं असं वाटलं. पण त्याच वेळी तिचा एक हात आपोआप स्वतःच्या गळ्यावर गेला. रडू फुटायच्या आधी श्वास कसा अडखळतो, 'आई'मधला 'आ' कसा फाटतो, मग सगळं थांबतं, आता संपलं असं वाटतं, आणि खालून पुन्हा कसं उसळतं. तिचे ओठ आवाज न करता हलत होते. कोहेईचं रडणं थांबलं तेव्हा ती निघाली. आपण कुणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून आणलंय असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशीही ती थांबली. तिसऱ्याही. आज शेवटचं, असं रोज स्वतःला बजावत होती.

एकटीला बोलावलं त्या दिवशी तिने एकदाच रडून दाखवलं. काचेपलीकडून नुमाता म्हणाले, हा अभिनय नाही, याला हात लावू नका. हात्सुएबाई मुद्दाम ऐकायला आल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने तिला चहा आणून दिला. चिगुसाने कप तसाच खाली ठेवला.

तिथे हे थांबायला हवं होतं. पण महिनाअखेरीस त्याच गोष्टीचं नाटक ठरलं आणि केंताचं काम तिलाच सांगून आलं. रंगमंचावर तेच रडणं रोज करायचं होतं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं होतं. ती पुन्हा झुडपांमागे जाऊन उभी राहू लागली.

एका संध्याकाळी पाळणाघरातल्या मोरिशिताबाईंनी तिला बाजूला घेतलं. बरोबर आलेली बाकीची मुलं आता रुळली, त्या म्हणाल्या. आई दिसेनाशी झाली की खेळायला लागतात. कोहेईचं मात्र उलट आहे. त्याचं रडणं दिवसेंदिवस लांबतंय. घरी काही झालंय का? चिगुसाने कमरेत वाकून माफी मागितली आणि त्याला सर्दी होती असं खोटंच सांगितलं. त्या रात्री कोहेई आमलेट-भात चाटूनपुसून खाऊन झोपला. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. तो रडत असतो आणि आपण आत न जाता ऐकत उभं राहतो, कुठल्या आईचं काळीज असं दगडाचं असतं, असं तिच्या मनात येत राहिलं. नाटक गेलं तर गेलं. उद्या थांबायचं नाही.

सकाळी फाटकाशी ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याच्या टोपीचं इलॅस्टिक हनुवटीखाली नीट केलं. आज आई थांबणार नाही, सरळ कामाला जाणार, असं सांगताना तिचाच आवाज फाटला.

कोहेईचे डोळे कोरडे होते. त्याने एकदा झुडपांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तिची बाही धरली.

"रडतोय तोवर थांबतेस ना तू," तो हळूच म्हणाला. "थांब ना. आज मी कालच्यापेक्षा छान रडतो."