तक्त्यातली शेवटची ओळ

सरकारी सौर पंपाच्या अर्जाची मुदत पाचला संपणार होती. साडेतीन वाजता मिरजगावात, आपल्या ओट्यावर, निवृत्त मास्तर आप्पासाहेब पॅनेल उन्हात किती तापतं, इथपर्यंत आले होते.

सात महिन्यांचा अभ्यास होता. त्याची बातमी पहिल्याच आठवड्यात गावभर झाली होती. मोनो, पॉली आणि दोन्ही अंगांनी ऊन पिणारं, अशा पॅनेलच्या तीन जाती, तीन रकान्यांचा तक्ता आता जेवायच्या चटईएवढा झाला होता. पॉली स्वस्त, पण बेचाळीस अंशाला मान टाकतं. मोनो ढगातही चालतं. तिसऱ्याला खालून उजेड लागतो, तर जमिनीला चुना मारावा का, यावर त्यांनी पंधरा दिवस घातले होते. तेवढ्यात लिंबोणीची निम्मी बाग वाळली. विहिरीला पाणी होतं. दिवसा वीज नव्हती.

"अहो, पॅनेल बसवायचंय की त्याच्याशी सोयरीक करायचीय?" त्यांची बायको मालनबाई म्हणाल्या. "भरा की अर्ज!"

"घाईत चूक होते," म्हणत आप्पासाहेबांनी मोनोला अर्धा गुण वाढवला.

पाच वाजले. मोबाईलवर 'मुदत संपली' असं आलं. त्यांना आधी हलकं वाटलं, मग उरलेली बाग दिसली.

सव्वापाचला थोरला भाऊ भिमाजी अंगणात येऊन उभा राहिला. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

"इहीर दोघांची हाय. माझ्या सहीबिगर अर्ज भरलासच कसा रं?"

"भरलाच नाही, अण्णा."

भिमाजीनं तक्ता उचलला. त्याचं बोट कार्यक्षमतेवरून, धुळीवरून, गारपिटीवरून खाली खाली उतरलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. 'सामाईक विहीर : भावाची संमती.' पुढचे तिन्ही रकाने कोरे होते.

"हितं कायच लिवलं न्हाई."

"ती माहिती मिळाली नाही," आप्पासाहेब तक्त्याकडेच बघत म्हणाले.

भिमाजीनं बंडीच्या खिशातून एक घडी काढली. संमतीचा स्टँपपेपर होता, घड्यांवर विरलेला. खाली त्याची वाकडी सही. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

"रोज बंडी बदलली की ह्यो बी ह्या खिशातनं त्या खिशात," तो म्हणाला. "म्हणलं, तू मागाया येशील."