चुणी

"मोठीबाई, तुम्ही फक्त आठे बठा," शीला गोधडीचा कोपरा दाखवत म्हणाली. "वजन ऱ्हायनं म्हंजे कपडा सरकत नही."

धनुबाई बसली. म्हणजे भिंत धरून, गुडघ्यांना शिव्या देत, आधी एक पाय आणि मग दुसरा असं करत गोधडीच्या कोपऱ्यावर टेकली. कापड सरकू नये म्हणून बायका तिथे पाटा ठेवतात.

"मी काय पाटा शे का?" तिने विचारलं.

शीला हसली. ही धाकटी जाऊ हसली की धनुबाईच्या अंगाची लाही लाही व्हायची.

गोधडी चेतनाच्या बाळासाठी होती. चेतना धनुबाईची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला ती आज संध्याकाळी सुरतेहून लोणखेड्याला माहेरी येणार होती. गोधडीत घातलेली लुगडी धनुबाईची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. टाका मात्र शीलाचा. संधिवाताने धनुबाईची बोटं अशी आखडली होती की सुई चिमटीत ठरायचीच नाही. येता-जाता बायका ओट्याशी थांबायच्या, टाका बघायच्या आणि शीलाला म्हणायच्या, "अगदी मोठीबाईना हात शे तुन्हा!" शीलाला हा टाका धनुबाईनेच शिकवला होता. शिकवला नसता तर बरं झालं असतं, असं तिला आज वाटत होतं.

नातवंड आपलं आणि पांघरणार हिची गोधडी! हे काही तिला सोसवेना. शीलाची सुई कोपऱ्याकडे येत होती, सरळ, न अडखळता. त्या बोटांना दुखणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

"हालू नका हं," शीला मान वर न करता म्हणाली.

धनुबाई हलली. जरासंच. मांडी उचलून तिने वरचं कापड आपल्याकडे ओढून घेतलं. कळ थेट कमरेपर्यंत गेली, पण तिने हूं की चूं केलं नाही. कापडाला चुणी पडली आणि शीलाची सुई तिच्यावरून पुढे गेली.

मग शीलाचा हात थांबला. तिने धनुबाईकडे पाहिलं.

"दुखी ऱ्हायनं का?"

"नही."

शीला पुन्हा शिवू लागली.

संध्याकाळी चेतना आली. पाणी प्यायच्या आधीच तिने गोधडी मांडीवर ओढली. "आई, हात इतला दुखतस, तरी बी इतला बारीक टाका!"

शीला चहा घेऊन आली होती. तिनेही ते ऐकलं. फुकटचं कौतुक होतं, पण धनुबाईला फार गोड लागलं. ते तसंच राहावं असं तिला वाटलं.

चेतनाचा तळवा गोधडीवरून फिरत फिरत कोपऱ्याशी अडला. "आठे चुनी पडेल शे." ती हसली. "मंग आठे काकूना हात लागना वाटतं. आईनी गोधडीमा चुनी कधीच ऱ्हात नही."

धनुबाईने शीलाकडे पाहिलं. शीलाने चहाचा कप खाली ठेवला.

"हां पोरी, मन्हीच शे ती," शीला म्हणाली. "थांब, उसवी टाकसू." आणि तिने कात्री उचलली.

धनुबाईचा वाकडा पंजा कात्रीच्या आधी कोपऱ्यावर येऊन पडला.

"उसवू नको."

"का व आई?" चेतनाने विचारलं.

चुणी धनुबाईने हाताखाली घट्ट दाबून धरली होती.

"टाका समदा शीलाना शे," ती म्हणाली. "चुनी मन्ही शे."