तीन हात रंग

पार्वताबाईनं भिंतीवरचा फळा ओल्या फडक्यानं पुसला. पुसला गेला नाही. तिनं फडकं पिळलं, पुन्हा जोर लावला. बाकी फळा काळाभोर झाला, पण मधोमध पांढरी टिंबं तशीच. उलट आधीपेक्षा जास्त दिसू लागली.

"असा कसा फळा तुझा?" ती सुनेवर ओरडली. "लिहिलं काही नाही, अन् पुसल्या काही जाईना!"

साक्षी ओट्याशी वांगी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "राहू द्या ना मामी. थो नुसता शोभेचा आहे."

शोभेचा म्हणे. पार्वताबाईला दोन महिन्यांपासून हे कोडं सुटत नव्हतं. जग भंगार विकतं आणि ही सून विकत आणते. गोंदियाच्या कबाड्याकडून आधी फुटक्या आरशाची चौकट आणली. मग लोखंडी पेटीचं झाकण. दोघांना काळा रंग देऊन, कडेनं वेलबुट्टी काढून घरात फळे टांगले. एकावर गॅस कधी लावला ते लिहायचं, दुसऱ्यावर उद्याची भाजी. कुडवा गावातल्या बाया पाहायला येत, वा वा करत. पार्वताबाई दारातूनच ऐकवी, "पाहा बायांनो, पाहा. आमच्या घरी कबाडी उलटा चालते."

पण आरसा आणि झाकण एक वेळ चाललं. तिसऱ्या खेपेला तिथूनच आणलेल्या परातीचं काय? चांगली जाड पितळी परात. पार्वताबाईनं पाहिली तोवर सुनेनं आतून काळी करून टाकलीसुद्धा. काठाला टिचकी मारली, तर घंटेसारखी वाजली.

"अशी परात कोणी सुखानं विकत नाही," पार्वताबाई म्हणाली होती. "कोण्या घरची बाई रडली असंल. अन् तू तिले काळं कायले फासलं?"

साक्षी अंगणात बसून ब्रश फिरवत राहिली. आरशाला रंगाचे दोन हात पुरले होते, झाकणालाही दोनच. परातीला तिनं तिसराही हात दिला, तेव्हा पार्वताबाईनं डबाच उचलला. "रंग काय नळाले येते?"

आणि नव्या फळ्यावर आधी आडवा खडू घासून पुसावा लागतो, हे सुनेनंच तिला शिकवलं होतं. पहिल्या दोघांवर तिनं घासला. परातीवर घासेना. आज घासते, उद्या घासते, करत आठ दिवस काढले. कारण विचारावं तर भाजी तरी चिरायची असे, नाहीतर कपडे तरी धुवायचे असत. शेवटी आज पार्वताबाईनं खडू घेतला आणि स्वतःच खसाखसा घासला.

आता ही टिंबं.

तिनं चष्मा आणला. शाळा दुसरीपर्यंत झालेली. अक्षराला अक्षर जुळवायला तिला वेळ लागे. पण एक शब्द ती जन्मभर सहीत लिहीत आली होती. तो जुळवावा लागला नाही.

पार्वताबाई.

"माझं नाव कायले लिहिलं इथं?"

साक्षीची सुरी थांबली. "मी नाही लिहिलं, मामी."

खरंच कोणी लिहिलेलं नव्हतं. बोट फिरवलं तर टिंबं खोल लागली. ठोकलेली होती. खडू त्या खळग्यांत जाऊन बसला होता. नावाच्या पुढे आणखी काही होतं. ते मात्र जुळवावं लागलं. कडून. अल्कास.

सोळा वर्षांपूर्वी मुलीच्या, अल्काच्या लग्नात, गोंदियाच्या भांडेवाल्यानं छिन्नी हातात घेऊन विचारलं होतं, "पोरीच्या बापाचं नाव टाकू?"

"बिड्या मी वळल्या. नाव माझं टाक," पार्वताबाई म्हणाली होती. "अन् काठावर नको, मधात टाक. केशोरीच्या लोकायले रोज दिसलं पाहिजे."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अल्का सासरहून, केशोरीहून रडत आली. पार्वताबाईनं तिला दारातच सांगितलं, "पार्वताबाईची पोरगी रडत नाही." त्यानंतर अल्का कधी रडली नाही. फोनवर तिचं सगळं नेहमी बेसच असे.

"अल्काले फोन लाव," पार्वताबाई म्हणाली. साक्षीनं लावून दिला.

"जयभीम, आई."

"तुही परात कुठं आहे?"

पलीकडून अल्का हसली. "कुठं राहणार? समोरच तर आहे. आताच कणीक मळली. तुझ्या नावात पीठ अडकते ना आई, थेच काडीनं काढून राहिली."

पार्वताबाई भिंतीकडे पाहत होती. नावात पांढरं अडकलेलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या पहिल्या गाडीनं येऊन राहिली मी."

"काऊन आई? काय झालं?"

"काही नाही. तुह्यापाशी बसाले."

तिनं फोन ठेवला. बराच वेळ टिंबांवरून बोट फिरवत राहिली. मग सुनेकडे वळली. प्रश्न जुनाच होता, पण या वेळी तो टोमणा नव्हता.

"चांगल्या परातीले काळं कायले फासलं, साक्षी?"

साक्षीनं सुरी खाली ठेवली. हात पुसले.

"आरशाले दोन हात पुरले होते, मामी. हिले मी तीन मारले. तरी तुमचं नाव वर आलंच."