पेत्राचं प्रकरण

"भिवा, दार उघड रं." विहिरीच्या काठाला दोरानं खाच पडावी, तशी या हाकेची खाच तीस वर्षं भिवाजीच्या मनाला पडलेली होती. हाक थोरल्या भावाची, गावच्या जमावानं त्याला ठार मारलं त्या दुपारची. भिवाजी तेव्हा रानात कामाला गेला होता, असंच सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच भावाची लेक निशिगंधा. भिवाजीनं तिला हैदराबादला आणून पोटच्या पोरीसारखी वाढवली. आज जामबागच्या घरात ती त्याला आपला प्रबंध वाचून दाखवत होती: येशूचे प्रेषित आणि पहिली ख्रिस्ती मंडळी.

"बौद्धाघरची पोर अन् अभ्यास चर्चचा," तो नेहमीसारखा हसला. पण पेत्राचं प्रकरण आलं तसं हसू विरलं. येशूला धरून नेलं, तेव्हा अंगणात शेकत बसलेला त्याचा पट्टशिष्य पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही.

"असा माणूस पुढं मंडळीचा म्होरक्या? मग हे काइकू लिहून ठेवलं? झाकायचं की."

"तेच तर, काका. येशूचं चरित्र लिहिणारा मार्क सांगतो त्यात बारा शिष्यांपैकी तिथं दुसरं कुणीच नव्हतं. मला वाटतं, पेत्रानंच स्वतःहून सांगितलं असणार."

"अन् मंडळीनं ठेवून घेतलं त्याला?"

"हौ." ती पान उलटायला गेली.

भिवाजीनं त्या पानावर हात ठेवला. बोललो तर ही एकुलती लेकही जाईल, हे त्याला कळत होतं.

"निशू, तुझा बाप दार वाजवत होता, तेव्हा मी रानात नव्हतो. आतून कडी धरून उभा होतो."