आवाज इर्माचा

इर्माने उभी हयात परदेशी भयपटांतल्या नायिकांना इटालियन आवाज देण्यात घालवली. पडद्यावरचे ओठ हलले की हिचे हलायचे, मध्ये विचाराला जागाच नसायची. त्यामुळे रिमिनीला सुट्टीवर आल्यावर भयपटांतल्या पात्रांच्या मेणपुतळ्यांचं संग्रहालय बघायचा हट्ट तिचाच होता.

धाकटी बहीण नेविया आईस्क्रीम चाटत मागून आली. "ताई, समुद्र सोडून ही भुतं काय बघायची? घरी आरसा नाही का?"

"तुझं तोंड आईस्क्रीमपुरतंच उघड," इर्मा म्हणाली.

शेवटच्या दालनात, तळघराच्या पायरीवर पांढऱ्या झग्यातली मुलगी उभी होती. इर्माने तिला लगेच ओळखलं. "ही माझी! हिच्या किंकाळ्यांपायी आठवडाभर घसा बसला होता माझा."

"पण हिचं तोंड तर मिटलेलंय."

खरंच मिटलेलं होतं. "काय कारागीर म्हणायचे! सिनेमाभर ही नुसती ओरडत असते," इर्मा कुरकुरली आणि नीट बघायला दोरीवरून पुढे वाकली.

मेणाचे ओठ हलले. सवयीने इर्माचेही हलले. आवाज तिचाच निघाला, पण सिनेमातला, कोवळा.

"नेविया, तू हो पुढे. हिला मी ठेवून घेते."

ओघळलेलं आईस्क्रीम पुसता पुसता नेविया खदखदून हसली. "वा ताई, आवाज अजून तस्साच आहे गं! बरं, मी बाहेर बसते."

तिची पावलं दाराकडे गेली. इर्माला ‘थांब’ म्हणायचं होतं.

पण मेणाचे ओठ पुन्हा मिटले होते.