वाकडी करंगळी

निगडे आजोबांनी डोक्यावरचा टोप काढून टेबलावर आपटला. साठ वर्षांपूर्वी उघड्यावर झालेल्या अणुचाचणीची त्यांची आठवण संग्रहालयाने मेंदूतून उतरवून घेतली होती आणि आज ती त्या टोपातून पहिल्यांदा त्यांनाच दाखवली होती.

“करंगळी सरळ कुणी केली?”

“मीच, आजोबा,” तंत्रज्ञ मृणाल म्हणाली. “झगझगाटात तुमच्या हाताची हाडं दिसतात ना, त्यात एक बोट वाकडं होतं. डाग काढतो तसं तेही नीट केलं.”

“माझा हात? अगं, माझे दोन्ही हात वायरलेसवर होते! माझ्या तुकडीतल्या दत्तू काळोखेनं स्वतःचे डोळे उघडे ठेवून माझे झाकले. आंधळा होऊन मेला तो. आणि सरकार म्हणतं, तो तिथे नव्हताच. त्याची ती मोडकी करंगळी एवढाच पुरावा होता!”

“मूळ प्रत मी पुसून टाकली,” मृणाल म्हणाली.

“मग पुन्हा उतरव. माझ्या डोक्यात आहे ना ती!”

“आजोबा, टोपातून पाहिलेलं मूळ आठवणीवरच बसतं, जुनं पुसलं जातं...”

“गप्प बस!” म्हणत त्यांनी डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांपुढे साठ वर्षांपूर्वीचा तो लख्ख उजेड पडला. डोळ्यांवरच्या हाताची हाडं दिसली. पाचही बोटं सरळ होती, अगदी त्यांच्या स्वतःच्या बोटांसारखी.